म्हैस पावतीवर, गाडी विश्वासावर

'अर्जंट सेल. २०१६ मॉडेल, फर्स्ट ओनर, घरगुती वापर, सेल्फ-किक ओके, टायर नवीन. टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये.'

ओळखीचं वाटतंय ना? तुमच्यापैकी कित्येकांनी असं काहीतरी टाकलं असेल, नाहीतर परीक्षा संपल्यावर टाकणार असाल. डिग्री झाली, पुण्याला जायचं ठरलं, कॉलेजला नेणारी स्कूटर दारात धूळ खात उभी. मग ओएलएक्स नाहीतर फेसबुक मार्केटप्लेस. चार फोटो काढायचे, घासाघीस होणार म्हणून दोन हजार वाढवून किंमत टाकायची, झालं. पाच मिनिटांचं काम. मला बोलायचंय ते त्या पाच मिनिटांनंतरच्या गोष्टीबद्दल.

आमची हातकणंगलेतली स्कूटर गेल्या वर्षी आम्ही अशीच विकली. जाहिरात मी टाकली, नंबर बाबांचा दिला, कारण गाडी त्यांच्या नावावर. दहा मिनिटांत पहिला फोन. समोरचा हिंदीत. आर्मीत आहे म्हणाला, कोल्हापूरला पोस्टिंग आहे, गाडी बघायची गरज नाही, रेट मंजूर. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर युनिफॉर्ममधला फोटो आणि ओळखपत्र. बाबा खूश! आपल्या भागात लष्करातल्या माणसावर कुणी शंका घेत नाही. घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत आपल्याकडे, शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीला तर सैनिक टाकळीच म्हणतात. आणि फसवणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं. मग क्यूआर कोड आला. 'स्कॅन करो, पैसा आ जाएगा.' बाबा स्कॅन करून पिनपर्यंत पोचले होते, तेवढ्यात मी फोन हातातून ओढून घेतला.

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. एवढं एक वाक्य घरातल्या मोठ्यांना पाठ करायला लावा. आणि 'आपण शिकलेले, आपल्याला कोण फसवणार' या भ्रमात तुम्हीही राहू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला आणि अशाच क्यूआर कोडमुळे ३४ हजार रुपये गेले. ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याला पैशाची 'रिक्वेस्ट' पाठवायची सोय एनपीसीआयने बंद केली, पण क्यूआर कोड आहेतच. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. या विषयावर भरपूर लिहून आलंय, म्हणून पुढे जाते. कारण आमचा खरा घोळ फसवणाऱ्याने केलाच नाही. तो एका चांगल्या माणसाबरोबर झाला.

रविवारी इचलकरंजीकडचा एक मुलगा मित्राला घेऊन आला. किक मारून बघितली, सायलेन्सरचा धूर बघितला, स्टेशनपर्यंत चक्कर मारून आला, दीड हजार कमी करून घेतले आणि रोख पैसे मोजले. आईने चहा केला. बाबांनी आरसी बुक दिलं, ट्रान्स्फरच्या फॉर्मवर सह्या केल्या. तारीख कोरी, घेणाऱ्याचं नाव कोरं. 'काका, पंधरा दिवसांत नावावर करून घेतो की.' आम्ही जाहिरातीवर 'सोल्ड' दाबलं आणि विसरून गेलो.

सात महिन्यांनी बाबांच्या मोबाइलवर ई-चलनाचा मेसेज. ठिकाण सांगली, गुन्हा ट्रिपल सीट. फोटोत गाडी आमचीच, वरचं एकही तोंड ओळखीचं नाही. त्या मुलाला फोन लावला तर तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, 'काका, ती तर मी कवाच दिली की एकाला.' कुणाला? 'मित्राच्या मित्राला.' त्याने आम्हाला फसवलं होतं का? नाही. त्याने पूर्ण पैसे दिले होते. फक्त कागदावर गाडी आमचीच राहिली होती.

तेव्हा मी कायदा वाचायला घेतला. आमच्या अभ्यासक्रमात मीडिया लॉ होता, मोटार वाहन कायदा कुठून असणार! त्याच्या कलम ५० मध्ये सरळ लिहिलंय: एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत. म्हणजे 'नावावर करून घेणं' हे फक्त घेणाऱ्याचं काम आहे ही आपली समजूतच चुकीची. पहिली जबाबदारी आपली, तीही त्याच्या निम्म्या मुदतीत.

आणि हे फक्त चलनावर थांबत नाही. सुप्रीम कोर्टाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल आहे. एक गाडी विकली गेली, मग पुन्हा, मग पुन्हा, पण आरसीवर नाव पहिल्या मालकाचंच. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला, एकाचा जीव गेला. कोर्ट म्हणालं, आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. कारण ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याने गाडी कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग काढत फिरायचं का? हा मुद्दा मला पूर्ण पटतो. पण पटला तरी तो पहिला मालक म्हणजे आपले बाबा असू शकतात, हे कळल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या ट्रिपल सीटवाल्यांनी इन्शुरन्स भरला होता की नाही, हेही आम्हाला माहीत नव्हतं.

आता प्रश्न हा, की लोक नावावर करून का घेत नाहीत? आळस आहे, एजंटचा खर्च आहे, आरटीओच्या फेऱ्या आहेत. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी एचएसआरपी नंबरप्लेट नसेल तर ट्रान्स्फर अडते, जुनं चलन थकलं असेल तरी अडते, कर्जाची नोंद काढली नसेल तरी. पण यापेक्षा एक मोठं कारण आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ज्याला गाडी पुढे विकायची असते, त्याला स्वतःचं नाव आरसीवर नकोच असतं. नाव लागलं की गाडी 'सेकंड ओनर' होते आणि पुढच्या जाहिरातीत भाव पडतो. जाहिरातीत 'फर्स्ट ओनर' लिहिलेली गाडी कितीजणांच्या हातून गेलीय ते म्हणूनच कळत नाही. तुमची कोरी सही हा त्याचा नफा आहे.

आमच्याच तालुक्यात पेठ वडगावला जनावरांचा बाजार भरतो. पूर्वी तिथले हेडी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे, शेजारच्यालाही पत्ता लागायचा नाही. किती लपवाछपवी, असं आपल्याला वाटतं. पण सौदा झाला की पावती होते, त्यावर देणारा कोण आणि घेणारा कोण ते येतं. म्हैस पावतीवर जाते. आणि आपण, हातात स्मार्टफोन असलेली पोरं, माणसाचा जीव घेऊ शकणारी गाडी 'काका, करून घेतो' या वाक्यावर देऊन टाकतो.

माझं स्पष्ट मत आहे की त्या 'सोल्ड'च्या बटणासारखं खोटं बटण दुसरं नाही. जाहिरातीच्या साइट्सना गाडी दिसली की पोस्ट टाकून घ्यायची घाई असते. ते बटण दाबताना 'आरटीओला कळवलं का?' एवढा एक प्रश्न समोर आला तर यांचं काय बिघडणार आहे? जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी एप्रिल २०२३ पासून नियम आलाय: नोंदणीकृत डीलरला गाडी दिली की फॉर्म २९-सी भरून पोर्टलवर कळवता येतं आणि तिथून पुढची जबाबदारी डीलरची होते. पण आपण थेट माणसाला विकतो ते डीलरचं कमिशन वाचवायला. मग डीलरचं हे कामही आपल्यालाच करावं लागणार, ते सोडून कसं चालेल?

म्हणून गाडी देताना एवढं तरी करा. फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख तुमच्यासमोर भरा, त्याच्या आधारचा आणि लायसन्सचा फोटो घ्या, दिलेल्या वेळेसकट पावती लिहून दोघांनी सही करा. वेळ महत्त्वाची, कारण त्या मिनिटानंतरचं चलन तुमचं नाही हे दाखवायला तीच कामी येते. पैसे शक्यतो बँकेतून घ्या, म्हणजे घेणारा कोण हे स्टेटमेंटवर राहतं. नुसत्या नोटरीच्या कागदावर भागत नाही. आरसीचा फोटो मात्र चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तोच फोटो उद्या कुणाच्या तरी खोट्या जाहिरातीत दिसेल. महिन्याभराने एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा, नाव बदललं की नाही ते कळतं.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. रोख पैसे, पावती नाही, त्या मुलाचं पूर्ण नावसुद्धा माहीत नाही. शेवटी त्यालाच हाताशी धरून मित्र, मित्राचा मित्र करत बाबा गाडीपर्यंत पोचले. तिसऱ्या मुलाने नावावर करून घ्यायला होकार दिला, पण चलन थकलेलं म्हणून काम अडलं. दंड बाबांनी भरला. न पाहिलेल्या तीन पोरांचा.

आता दादाची बाइक विकायला काढलीय. जाहिरात मीच टाकली. परवा एकजण बघून गेला, गाडी आवडली, भावही जमला. बाबा म्हणाले, सोमवारी दोघं मिळून आरटीओत जाऊ, तिथंच किल्ली देतो. तो हसला, 'एवढं काय काका, विश्वास नाही काय?' बाबा म्हणाले, 'हाय की. म्हणून तर बरोबर येतोय.'

'बघतो' म्हणून गेलाय. जाहिरात अजून चालू आहे.