बाजरीला भाव, मटकीला का नाही?

पश्चिम राजस्थानच्या रेताड जमिनीत पाणी टिकत नाही आणि त्याबरोबर नत्रही झिरपून जाते. म्हणून तिथे बाजरीत मटकीचे आंतरपीक घेतात. मटकीच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात; पसरणारे वेल वाळूची धूप रोखतात. मात्र पीक मुळासकट उपटून नेले, तर जमिनीला फारसे काही उरत नाही.

ताटातही ही जोडी हवी. बाजरीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, मटकीत भरपूर. भाकरीसोबत उसळ असली की प्रथिनांचा दर्जा सुधारतो.

२०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून जगभर साजरे झाले. पण केंद्राचा हमीभाव बाजरीला आहे, मटकीला नाही. एकट्या भाकरीने कुपोषण हटणार नाही. उसळीलाही भाव मिळायला हवा.