नाताळचा यजमान कोण?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा हा आपल्याकडे देणाऱ्यांचा हंगाम असतो. शहरांतली कार्यालये, महाविद्यालये, क्लब, सोसायट्यांची मंडळे यांना याच दिवसांत गरीब मुलांची आठवण येते. चादरी, केक, कंपासपेट्या यांनी भरलेले टेम्पो अनाथाश्रमांच्या आणि मिशनच्या वसतिगृहांच्या दाराशी लागतात. कोणीतरी कापसाची दाढी लावून सांताक्लॉज होतो, मुले रांगेत उभी राहतात, छायाचित्रे निघतात. त्या आठवड्यात एकेका मुलाच्या वाट्याला तीन-तीन कंपासपेट्या येतात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मात्र त्यातली एकही शिल्लक नसते आणि टेम्पोही फिरकत नाही.

देणाऱ्यांची टिंगल करण्याचा हेतू नाही. न देणाऱ्यांपेक्षा ते केव्हाही बरे. पण माझी सारी नोकरी बँकेत गेली. पैसा किंवा वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दिसली की जमेची आणि नावेची अशा दोन्ही बाजू पाहण्याची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. या व्यवहारात देणाऱ्याच्या वहीत समाधान जमा होते. मुलाच्या वहीत नेमके काय जमा होते, हा प्रश्न मला छळत राहतो.

2024 मध्ये ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्या नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात एक छोटे मिशन केंद्र आहे. गेली काही वर्षे नाताळची आदली रात्र मी तिथे काढतो. तिथली बहुतेक मुले ऊसतोड कामगारांची. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप मुकादमाकडून उचल घेतात आणि कारखान्याच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद अवजाराच्या नावाने होते. घेतलेली उचल फिटेपर्यंत तोड करायची आणि उन्हाळ्यात गाव गाठायचे. म्हणजे नाताळ येतो तो ऐन गळिताच्या हंगामात. ज्या सणाच्या कथेत आई, बाप आणि मूल एकत्र आहेत, तो सण ही मुले आईबापांवाचून साजरा करतात.

शहरातल्या चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा करताना प्लास्टरचा गोठा आणि कापसाचे बर्फ असते. इथल्या मुलांनी केली होती ती पाचटाची कोपी. तोडीच्या फडाजवळ आईबाप ज्यात राहतात, अगदी तशी. आत चुलीचे तीन दगड, बाहेर पाण्याचा ड्रम, दाराशी मातीचे दोन बैल. शिकवणाऱ्या ताईंनी सहज विचारले, "मरियमचे दिवस भरत आले होते, तरी तिला एवढा लांबचा प्रवास का करावा लागला?" आठ-नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "उचल घेतली असंल." कोणी हसले नाही. थोड्या वेळाने पाळकसाहेबांनी शिरगणतीच्या हुकमाची खरी हकिकत सांगितली. पण अवघडलेल्या बाईला दुसऱ्याच्या हुकमाने वाट तुडवावी लागते, हा त्या कथेचा गाभा त्या मुलीला आधीच कळला होता. तिच्याइतक्या थोड्या शब्दांत तो सांगणे मला कादंबऱ्या लिहूनही जमले नसते.

दुपारी शहरातून एक मंडळी येऊन गेली होती. भेटी दिल्या, छायाचित्रे काढली आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा म्हणून जेवायला न थांबता निघाली. संध्याकाळी पंगत बसली. वाढायला मुलेच होती. करंज्या आणि शंकरपाळे त्यांनीच स्वयंपाकघरात बसून केले होते. काही करंज्या तळताना फुटलेल्या, काही जरा जास्त लाल झालेल्या. एक बारा वर्षांचा मुलगा ताट घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि घरच्या कर्त्या माणसाच्या ठसक्यात म्हणाला, "बाबा, आणखी एक घ्यावीच लागंल." दुपारी भेट घेताना मी त्याचा चेहरा पाहिला होता. तो तेव्हा खाली होता. आता तो यजमान होता.

मला वाटते, त्या वहीतली राहिलेली नोंद ही आहे. गरिबाजवळ वस्तू नसतात, हे आपल्याला दिसते. देण्याची संधीही नसते, हे आपल्या ध्यानात येत नाही. सतत घेतच राहणाऱ्याची मान हळूहळू वाकते.

महाराष्ट्रातल्या अशा कामाचा इतिहासही हेच सांगतो. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तिथे अन्नाइतकेच महत्त्व कामाला होते. शेती, विणकाम, छापखाना, सारे त्या मुलींच्या हाती दिले गेले. पोसली जाणारी मुलगी पोसणारी व्हावी, असा तो हिशेब होता.

या विषयावर लिहिताना धर्मांतराचा मुद्दा टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मिशनच्या अन्नामागे काय आहे, ही शंका जुनी आहे आणि ती विचारण्यात गैर काही नाही. रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा किती वादळ उठले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना माहीत आहे. त्याच टिळकांनी पुढे ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणून मराठी केले, हेही तितकेच खरे. माझी कसोटी साधी आहे : भुकेल्या मुलाच्या घासाला कोणतीही अट जोडलेली नसावी. मी हे पाळकसाहेबांना स्पष्टच विचारले. ते म्हणाले, "पोरं येताना आपापला देव घेऊन येतात. उन्हाळ्यात आईबाप न्यायला आले, की दोघांनाही परत देतो." हे उत्तर मला पटले. मात्र ही कसोटी एकट्या मिशनला लावून चालणार नाही. मठ, ट्रस्ट, पुढारी, कंपन्या, सगळ्यांना ती लागू आहे. चादरीच्या बदल्यात मुलाने कॅमेऱ्याकडे पाहून हसावे, ही देखील अटच आहे.

शिवाय, मिशन किंवा मंडळे आहेत म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य शासनाने 2021 मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना सुरू केली. अशा योजनेतली प्रत्येक खाट हंगामाच्या पहिल्या दिवशी तयार असली पाहिजे. हंगाम अर्धा सरल्यावर मिळालेल्या खाटेचा उपयोग काय? शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा फडावरच्या मुलालाही लागू आहे. बापाची उचल फेडायला त्याचे वर्ग खर्ची पडता कामा नयेत.

आपल्यापुरते बोलायचे, तर काही गोष्टी अवघड नाहीत. डिसेंबरचे देणे जूनमध्ये द्यावे, वह्या-गणवेशांची गरज तेव्हा असते. वस्तू घेण्याआधी काय हवे ते विचारावे. एका कोयत्याचे कारखान्यापासून मुलापर्यंतचे येण्याजाण्याचे एस.टी.चे भाडे आणि बुडालेल्या दोन दिवसांची मजुरी भरावी. नाताळच्या रात्री आई शेजारी असणे, यासारखी भेट कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आणि जमल्यास जेवायला थांबावे. बेथलेहेमच्या कथेत राजेशाही नजराणे घेऊन येणारे ज्ञानी लोक आहेत. पण बाळाच्या जन्माची वार्ता पहिल्यांदा कळली ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. त्यांनी काही आणल्याचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात नाही. ते उठले आणि आले, एवढेच. वस्तू पोहोचवायला टेम्पो पुरतो. पंगतीला मात्र स्वतः जाऊन बसावे लागते.