पदवी नाही म्हणून एकच बटण?

26 जून 2024. अंधेरी पूर्वेतल्या मतदान केंद्रावर मला मतपत्रिकेबरोबर जांभळ्या शाईचं स्केच पेन मिळालं. विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघाची निवडणूक होती. सर्वांत पसंत उमेदवारापुढे 1 लिहायचा, त्याच्यानंतर चालेल त्याच्यापुढे 2, मग 3. घरी आले तर पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना माझ्या बोटावरची शाई दिसली. “परत इलेक्शन? आमच्या वस्तीत तर कोण फिरकलं नाही!” मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पिठाचे हात पुसले आणि विचारलं, “म्हणजे ताई, तुम्हाला तीन नंबर आणि आम्हाला एकच बटण? का म्हणून?”

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही, कारण या भेदाचं समर्थन होऊच शकत नाही.

त्याच महिन्याच्या 4 तारखेला आमच्या मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला होता. यंत्रांवरच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर 48 मतांनी जिंकले: 4,52,644 विरुद्ध 4,52,596. महिनोन् महिने वाद चालला तो 48 मतं खरी की खोटी यावर. उच्च न्यायालयाने कीर्तिकरांची याचिका फेटाळली. पण जिंकणारा आणि हरणारा, दोघांनाही निम्मी मतं नव्हती, हे कुणी बोललंच नाही. 15,161 जणांनी ‘नोटा’ दाबला होता. वंचित बहुजन आघाडीला आणि अपक्षांना मतं देणारे हजारो लोक वेगळेच. त्या सगळ्यांना ‘मग या दोघांपैकी कोण चालेल?’ एवढा एक प्रश्न विचारला असता, तर खासदार निम्म्याहून अधिक पाठिंब्याने निवडून आला असता. नाव कदाचित हेच राहिलं असतं, कदाचित बदललं असतं. आपला कायदा तो प्रश्न विचारतच नाही.

आमची सोसायटी मात्र तो विचारते. ती पुनर्विकासाला चालली आहे. तीन विकासकांची नावं सभेपुढे आली आणि पहिल्या फेरीत एकालाही निम्म्या सभासदांची मतं पडली नाहीत. ‘ज्याला सर्वांत जास्त पडली त्याला इमारत देऊन टाका’ असं तेव्हा एकही माणूस म्हणाला नाही. तिसऱ्याला वगळून पुन्हा मतदान झालं. पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती लागते, हे आज बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत शाळकरी पोरांनाही पाठ आहे. चार भिंती पाडायला निम्म्याहून अधिक लोक लागतात. आमदार निवडायला मात्र शेजाऱ्यापेक्षा एक मत जास्त मिळालं की पुरे. ही पद्धत निर्लज्ज आहे, आणि तिची सवय झाली म्हणून ती न्याय्य ठरत नाही.

2024 च्या विधानसभेला माहीममध्ये महेश सावंत 50,213 मतांवर आमदार झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना मिळून 81,959 मतं पडली होती. यात सावंतांचा दोष नाही, ते नियमाप्रमाणे जिंकले. दोष नियमाचा आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या 33,062 मतदारांची दुसरी पसंती कोण होती, हे आता कधीच कळणार नाही.

या नियमामुळेच निवडणूक आली की आपण एकमेकांना भीती घालतो. ‘त्याला देऊ नकोस, मत फुकट जाईल.’ ‘तो फक्त मतं खायला उभा आहे.’ मनातला उमेदवार बाजूला ठेवून नावडत्याला पाडण्यासाठी तिसऱ्याचंच बटण दाबायचं, हा शहाणपणा आपण पोरांनाही शिकवतो. मीही असं मत दिलेलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं.

राजकीय पक्षांना हे माहीत नाही असं नाही. 2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुतीच्या मतांत अर्ध्या टक्क्याचंही अंतर नव्हतं, पण जागा मिळाल्या 30 आणि 17. तेव्हा आघाडीला पद्धतीत खोट दिसली नाही. सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीने निम्म्याच्या आसपास मतांवर 288 पैकी 230 हून अधिक जागा घेतल्या. आता महायुतीला दिसत नाही. ज्याचं ताट भरतं, तो वाढप्याची चूक काढत नाही.

घटना समितीत 4 जानेवारी 1949 ला काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, मागणी केली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. प्रत्येक मतदाराला निदान आकडे ओळखता आणि लिहिता यायला हवेत, हे त्यांचं पहिलं कारण. विधिमंडळाचे तुकडे होऊन सरकारं डळमळतील, हे दुसरं. तेव्हाच्या भारतात ही दोन्ही कारणं रास्त होती. आज मावशी भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देतात आणि पिन न चुकता दाबतात. त्यांना 1, 2, 3 लिहिता येणार नाही, असं त्यांच्या तोंडावर सांगायची कुणाची हिंमत आहे? आणि स्थिरतेचं म्हणाल, तर सध्याच्याच पद्धतीने निवडलेल्या 2019 च्या विधानसभेने पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री पाहिले. शिवाय मी प्रमाणशीर प्रतिनिधित्व मागतच नाही. मतदारसंघ तेच, आमदार एकच. फक्त पसंतीक्रम लिहू द्या. कुणालाच निम्म्याहून अधिक मतं नसतील तर शेवटच्या उमेदवाराला बाद करा आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटा. पदवीधर मतदारसंघात आणि राष्ट्रपतींच्या निवडणुकीत हेच होतं.

मोजणीला वेळ लागेल, यंत्रं बदलावी लागतील, हे खरं आहे. लागू दे. 7 मार्च 2022 ला मुदत संपलेल्या महापालिकेसाठी या शहराला थेट 15 जानेवारी 2026 ला मतदान करता आलं. जवळपास चार वर्षं नगरसेवकाशिवाय काढलेल्या मुंबईकराला निकालासाठी दोन दिवस थांबणं जड नाही.

कायदा बदलणं संसदेच्या हातात आहे. म्हणून पुढच्या वेळी दारात मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, मी मावशींना शेजारी उभं करून त्यांचाच प्रश्न विचारणार आहे. ते पेन द्यायचं तर दोघींना द्या. नाहीतर माझ्याही हातातून काढून घ्या.