खिशातला चाकू : छंद कुठे संपतो, गुन्हा कुठे सुरू होतो?

इन्स्टावर 'ईडीसी' सर्च करून बघा. ईडीसी म्हणजे 'एव्हरीडे कॅरी', रोज खिशात असणाऱ्या वस्तू. लाकडी टेबलावर घड्याळ, पाकीट, पेन, किल्ल्या नीट मांडलेल्या असतात आणि मधोमध एक घडीचा चाकू. कधी पितळी मुठीचा रामपुरी, कधी लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल, कधी लाल रंगाचा स्विस नाईफ. खाली कमेंट्समध्ये पातं कुठल्या स्टीलचं, मूठ कुठल्या लाकडाची, याची चर्चा.

आता त्याच ॲपवर आपल्या भागातली रील्स बघा. हातात कोयता, मागे एखादा डायलॉग, गॉगल. चार दिवसांनी तोच मुलगा हात जोडून माफी मागतानाचा व्हिडिओ येतो.

दोन्ही पोरं आपल्याच वयाची. विचारलं तर दोघंही म्हणतील, 'मी कोणाला काही केलं नाही, नुसता जवळ ठेवला होता.' पहिला छंद आणि दुसरा गुन्हा, हे आपल्याला लगेच पटतं. पण निगडीच्या चौकात नाकाबंदी सुरू असताना बॅग उघडायला सांगितली, तर कायद्याला हा फरक तितक्याच सहज दिसेल का?

आजोबांची चंची

खिशात पातं बाळगणं आपल्याला नवीन नाही. आजोबांच्या चंचीत पान, सुपारी, चुन्याची डबी आणि अडकित्ता असायचाच. मराठी माणसाची ईडीसी म्हणा ना! पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. घोड्याचे, पक्ष्यांचे, माणसांचे आकार असलेले ते अडकित्ते बघितले की कळतं, रोजच्या वापरातल्या पात्यावर लोक किती जीव लावायचे.

बाहेरच्या जगातही गोष्ट कामातूनच सुरू झाली. ओपिनेल 1890 च्या सुमारास फ्रान्सच्या डोंगराळ भागात शेतकऱ्यांसाठी बनायला लागला. स्वित्झर्लंडमध्ये 1891 मध्ये सैनिकांसाठी जो चाकू दिला गेला, त्याचा उपयोग डबा उघडणं आणि रायफलचे स्क्रू काढणं हा होता. रामपुरीचं नशीब मात्र वेगळं. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची ही कला, पण हिंदी सिनेमाने तो व्हिलनच्या हातात दिला आणि 'रामपुरी' म्हटलं की गुंडच आठवू लागला.

कोयत्याचंही तेच झालं. ऊसतोड कामगाराचं पोट ज्याच्यावर चालतं, शहाळेवाला ज्याने नारळ सोलतो, ते अवजार पुणे परिसरात 'कोयता गँग' या शब्दामुळे दहशतीची खूण बनलं. जानेवारी 2023 मध्ये पुणे पोलिसांनी कोयताधारी आरोपी पकडणाऱ्या पोलिसांसाठी 3 हजार रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघा, असंही दुकानदारांना सांगण्यात आलं. जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी मध्ये पडून तिला वाचवलं. आपल्याकडेही एप्रिल 2022 मध्ये दिघीत कुरिअरने आलेल्या 97 तलवारी पोलिसांनी पकडल्या होत्या. म्हणजे पातं दिसलं की पोलिसांना संशय येतो, त्यामागे कारणं आहेत.

पेपरातली ती ओळ

पिंपरी-चिंचवडच्या क्राइम बातम्यांत एक ओळ सारखी येते. 'आर्म्स ॲक्ट कलम 4 (25), महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम 37 (1) सह 135 नुसार गुन्हा दाखल.' आपण ती वाचतो आणि पुढे जातो. पण या ओळीत दोन वेगवेगळे कायदे आहेत आणि त्यांचं लॉजिकही वेगळं आहे.

पहिला आर्म्स ॲक्ट, 1959 चा. तो वस्तू कशासाठी बनवली आहे ते बघतो. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली धारदार वस्तू हे शस्त्र. फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली वस्तू शस्त्र नाही. त्याखालच्या नियमांत मापही दिलं आहे. 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातं आणि त्याचा हेतू घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक नसेल, तर ते परवान्याच्या यादीत येतं. तलवार आणि खंजीर तर नावानिशी यादीत आहेत. या मापाने बघितलं तर तीन इंची ओपिनेल किंवा स्विस नाईफ यादीबाहेर राहतो. ऑनलाइन ग्रुपवर छंदवाले इथपर्यंतचं सांगतात आणि 'लीगल आहे भाई' म्हणून विषय संपवतात.

विषय तिथे संपत नाही, कारण दुसरा कायदा वस्तूचा हेतू विचारत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात. तो लागू असताना सार्वजनिक ठिकाणी काय बाळगायचं नाही, याची यादी कलमातच आहे. त्यात तलवारी, भाले, बंदुका आहेत, काठ्या-लाठ्या आहेत आणि चाकूही आहेत. शिवाय, शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू. इंचांचा उल्लेखच नाही. सण, निवडणुका, आंदोलनं यांच्या आसपास हे आदेश साधारण पंधरवड्यासाठी निघतात, मुदत संपली की अनेकदा पुन्हा निघतात. आदेश मोडला तर कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे जो चाकू महिन्याच्या 1 तारखेला खिशात चालतो, तोच 15 तारखेला गुन्हा ठरू शकतो. चाकू तोच, खिसा तोच, फक्त मध्ये एक आदेश निघालेला असतो.

चाकणचा प्रश्न वेगळा

पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय 15 ऑगस्ट 2018 ला सुरू झालं. आधी पुणे ग्रामीणमध्ये असलेलं चाकण त्यात आलं. त्यामुळे आकुर्डीचा कॉलेजवाला आणि चाकण एमआयडीसीतला अप्रेंटिस आज एकाच आयुक्तांच्या आदेशाखाली येतात.

आणि या पट्ट्यात पातं हे फक्त छंदवाल्यांच्या खिशात नसतं. पॅकिंग, स्टोअर, वायरिंग, रबर पार्ट्सचं ट्रिमिंग, सगळीकडे कटर लागतो. आयटीआय आणि डिप्लोमा करणारी हजारो मुलं शिफ्ट संपल्यावर कंपनीच्या बसने किंवा शेअर रिक्षाने घरी जातात. एखाद्याच्या पँटच्या खिशात कटर तसाच राहतो. औद्योगिक कामाची वस्तू म्हणून त्याची बाजू मजबूत आहे, पण ती बाजू मांडायची वेळ येईपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि तो पोलीस चौकीत असतो.

खरा फटका पुढे बसतो. चाकण-भोसरीतल्या अनेक कंपन्या आणि कॉन्ट्रॅक्टर कामावर घेताना पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात. पासपोर्टलाही पोलीस पडताळणी लागते. कोर्टात केसचा निकाल लागायला वर्षं जातात. निकाल निर्दोष असा लागेलही, पण मधल्या काळात 'गुन्हा दाखल आहे' एवढीच ओळ कागदावर राहते. वीस-एकवीसच्या पोराला त्या ओळीची किंमत नोकरीने चुकवावी लागू शकते.

'सेफ्टीसाठी ठेवतो'

छंद आणि काम सोडलं तर तिसरं कारण आपल्या वयात बरंच ऐकू येतं, सेफ्टी. नाइट शिफ्ट, अंधारे सर्व्हिस रोड, एमआयडीसीतल्या निर्जन गल्ल्या. भीती खोटी नाही. पण 'बचावासाठी' हा शब्द कायद्यात तुमच्या बाजूने जात नाही, उलट जातो. आर्म्स ॲक्टच्या व्याख्येत हल्ल्याइतकाच बचावही आहे. 'सफरचंद कापायला ठेवलाय' म्हणणाऱ्याकडे अवजार असतं, 'कोणी अंगावर आलं तर' म्हणणाऱ्याने स्वतःच त्याला शस्त्र म्हटलेलं असतं. शिवाय भांडणात खिशातून चाकू निघाला की समोरचाही तयारीनेच येतो. धक्काबुक्कीवर मिटलं असतं ते हॉस्पिटलवर जातं.

नियम कळेल असा हवा

ब्रिटनमध्ये चाकूहल्ल्यांचा प्रश्न आपल्यापेक्षा जुना आहे. तिथे 1988 च्या कायद्यातला नियम शाळकरी मुलालाही पाठ होईल असा आहे. घडीचा चाकू, पातं 3 इंचांपर्यंत, उघडल्यावर लॉक न होणारं, तर चालेल. बाकी चाकूंना योग्य कारण दाखवावं लागतं. गुन्हे त्याने थांबले असं नाही, पण खिशात काय चालेल हे नागरिकाला आधीच माहीत असतं.

आपल्याकडे ते माहीत करून घेणं हेच अवघड. मनाई आदेश निघतात, पण ते कॉलेजच्या नोटीस बोर्डवर किंवा कंपनीच्या गेटवर कितीदा दिसतात? सोप्या मराठीत एक पान, तारीख आणि यादीसकट, गेटवर लावायला फार खर्च येणार नाही. कोयता गँगवर कडक कारवाई व्हायलाच हवी. पण कामाचा कटर आणि रील्समधला कोयता एकाच मापाने मोजला जाऊ नये, ही जबाबदारी आदेश काढणाऱ्यांचीही आहे.

छंदवाल्यांसाठीही एक गोष्ट स्पष्ट आहे. संग्रह आणि 'कॅरी' हे दोन वेगळे शब्द आहेत. घडीचा चाकू घरी कपाटात ठेवा, तेल द्या, मित्रांना दाखवा, त्याच्या कारागिराची गोष्ट सांगा. तो रोज खिशात घालून पीसीएमसी मेट्रोच्या बॅग स्कॅनरपुढे उभं राहण्यात छंदाची कुठलीच शान वाढत नाही.

हे लक्षात ठेवा

- कामाचा कटर शिफ्ट संपल्यावर लॉकरमध्ये. सोबत न्यायचाच असेल तर बंद टूलबॉक्समध्ये आणि कंपनीचं ओळखपत्र जवळ.
- ट्रेकला चाकू नेताना तो बॅगेत तळाशी, खिशात नको. आधी मनाई आदेश लागू आहे का ते बघा.
- तलवारीने केक कापणं, कोयत्यासोबत रील करणं यावर गुन्हे दाखल होतात. व्हिडिओ हाच पुरावा असतो.
- ऑनलाइन मिळतं म्हणजे बाळगायला चालतं, असं नाही.