पत्त्याची पट्टी वाचा, मगच आकडे टाका



2025 साली लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि पाठोपाठ त्याच नावाच्या बनावट वेबसाइटही निघाल्या. गाड्यांच्या एचएसआरपी नंबरप्लेटच्या वेळीही तेच घडले. अशा साइटवर कुणाला काही चोरावे लागत नाही. आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी, सारे आपणच एकेका चौकटीत भरून देतो. म्हणून माझी कळकळीची विनंती एकच आहे: ब्राउझरच्या वरच्या पट्टीत लिहिलेला पत्ता वाचल्याशिवाय कुठेही पैशाचा किंवा ओळखपत्राचा आकडा टाकू नका.

हा पत्ता वाचायची रीत आहे. सुरुवातीला जोडीने दोन तिरक्या रेघा दिसल्या तर त्या सोडा आणि त्यानंतर पहिली तिरकी रेघ कुठे येते ते पाहा. तिच्या लगेच डावीकडे जे असेल तेच साइटचे खरे नाव. रेघच नसेल तर पत्त्याचा शेवट पाहा. ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असा शेवट असेल तर साइट राज्य सरकारची. पण ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असे असेल तर ती कुणा अमुकतमुकची. आधीचे सगळे केवळ देखावा. ‘महाराष्ट्र’ आणि ‘गव्ह’ यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असली तरी साइट खोटीच. मोबाइलवर जागा कमी असल्याने पत्ता अर्धाच दिसतो. पट्टीवर बोट टेकवा, पूर्ण दिसेल. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरची लिंक त्या अ‍ॅपच्याच आतल्या खिडकीत उघडते आणि तिथे पत्ता नीट दिसत नाही, तेव्हा तिथे काहीच भरू नका.

बँकांच्या बाबतीत आता एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपल्या साइट ‘बँक डॉट इन’ या शेवटावर आणायला सांगितले होते, आणि हा शेवट बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. आपल्या बँकेचा असा पत्ता एकदा शाखेत जाऊन खात्रीने विचारून घ्या, ब्राउझरमध्ये बुकमार्क करा आणि पुढे कायम तिथूनच जा. गुगलवर बँकेचे नाव किंवा कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. वर येणाऱ्या निकालांत पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात, त्यांत ठगांच्याही असू शकतात.

पूर्वी कुलपाचे चिन्ह पाहा असे आम्ही शिक्षकही सांगायचो. ते आता पुरेसे नाही. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमची माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे कोण बसले आहे हे त्यावरून कळत नाही. याच कारणाने क्रोमने 2023 मध्ये ते चिन्ह काढून टाकले.

ब्राउझर कोणता वापरावा? क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी, यांपैकी कोणताही चालेल, पण तो अद्ययावत हवा. ब्राउझरमध्ये फटी सापडत राहतात आणि कंपन्या त्या बुजवत राहतात. अपडेट पुढे ढकलले की आपली फट उघडी राहते. तालुक्याच्या दुकानांत अजून विंडोज 7 चे संगणक दिसतात. त्यांच्यावरचा क्रोम 2023 मध्ये 109 व्या आवृत्तीवर थांबला. अशा संगणकावर बँकेचे काम करू नये. जुन्या मोबाइलमध्ये यूसी ब्राउझर असेल तर तो आजच काढा. 2020 मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या अ‍ॅपमध्ये तो होता. घरातल्या वयस्करांसाठी मी फायरफॉक्स सुचवेन. तो मराठीतही आहे आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन ही जोडणी, म्हणजे एक्स्टेन्शन, टाकली की ‘इथे डाउनलोड करा’ म्हणणाऱ्या बहुतेक फसव्या जाहिराती दिसेनाशा होतात. त्यापलीकडे जोडण्या वाढवू नका. द ग्रेट सस्पेंडर ही लोकप्रिय जोडणी नव्या मालकाच्या हाती गेली आणि 2021 मध्ये गुगलला ती घातक ठरवून बंद करावी लागली.

‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असे संदेश सारखे येत असतील तर ते बहुधा एखाद्या साइटला चुकून दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीमुळे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढा, फोन दुरुस्तीला टाकू नका. लग्नपत्रिका किंवा ई-चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी, फाइल आली तर उघडू नका, पाठवणारा ओळखीचा असला तरी. त्याचाच फोन आधी ठगांच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

तरुण मुलामुलींनो, या रविवारी आईवडील, आजीआजोबा, शेजारच्या काकू यांच्याजवळ तासभर बसा. ब्राउझर अपडेट करा, नको त्या परवानग्या काढा, बँकेचा आणि लाडकी बहीण योजनेचा खरा पत्ता बुकमार्क करून द्या. मग एक खरा आणि एक खोटा पत्ता कागदावर लिहून त्यांना स्वतः ओळखायला सांगा. चुकले तर रागावू नका. रागावलात तर उद्या खरोखर फसल्यावर ते तुम्हाला सांगणार नाहीत, आणि अशा वेळी गेलेला प्रत्येक तास महागात पडतो.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. तक्रार लवकर झाली तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. हा क्रमांक आजच ठळक अक्षरांत लिहून घरात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावा.

आपला,
संगणक शिकवणारा एक शिक्षक