पेढीचा हिशेब

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका रक्तपेढीत टेक्निशियन होतो. दुपारी फोन वाजला. पलीकडे एक रिक्षाचालक होता. दोनेक महिन्यांपूर्वी त्यांच्या स्टँडवर शिबिर झालं होतं आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलं होतं. "साहेब, माझी पिशवी कुणाला लागली?" असं त्यानं विचारलं. रुग्णाचं नाव सांगता येत नाही, हे पाठ झालेलं उत्तर मी दिलं. "नाव नको हो. लागली का, तेवढं सांगा." कार्डावरचा नंबर त्यानं वाचून दाखवला आणि मी रजिस्टर उघडलं. त्या नंबरापुढे लाल शाईत तारीख होती आणि शेजारी एकच शब्द: डिस्कार्ड. तपासणीत दोष नव्हता, पिशवी गळकी नव्हती. शिबिरात एकाच दिवशी फार पिशव्या आल्या होत्या, तिचा नंबर लागेपर्यंत पस्तीस दिवस उलटले होते.

"हो, लागली," मी म्हणालो. "बरं झालं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा 14 जूनची धावपळ सुरू असेल. 1868 साली या दिवशी कार्ल लँडस्टायनर जन्मले, 1901 साली त्यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला, आणि 2004 पासून त्यांचा जन्मदिवस जगभर रक्तदात्यांच्या नावानं साजरा होतो. शिवाय आपल्याकडे 1975 पासून 1 ऑक्टोबर आहेच. म्हणजे वर्षातून दोनदा आपण सभागृह ठरवतो, शाल-श्रीफळ आणतो, शंभर वेळा रक्त दिलेल्यांना पहिल्या रांगेत बसवतो. यात वाईट काही नाही. नातवाला घेऊन सत्काराला आलेले निवृत्त गिरणी कामगार मी पाहिले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नव्हता. प्रश्न असा की सभागृहाचे दिवे मालवले की आपल्याला आपलं देणं फिटल्यासारखं वाटतं. दात्याचं आपण खरं जे देणं लागतो, ते त्या सभागृहात नसतंच. ते शीतपेटीत असतं, क्रॉसमॅचच्या टेबलावर असतं आणि डिस्कार्ड रजिस्टरमध्ये असतं.

'ब्लड बँक' हा शब्द 1937 साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रूढ केला. आपण बँक शब्द घेतला नाही, पेढी घेतला. 2020 च्या नियमदुरुस्तीनंतर कागदोपत्री आपण रक्तकेंद्र झालो, पाट्याही रंगवून झाल्या. पण रात्री दोन वाजता बर्फाचा डबा हातात धरून निघालेला नातेवाईक रिक्षात बसताना "रक्तपेढीत चला" असंच म्हणतो. म्हणू दे. पेढी हा शब्द मला आवडतो, कारण त्यात जमाखर्च आहे, खतावणी आहे, दिवाळीचं वहीपूजन आहे. पेढीवर ठेव ठेवणाऱ्याच्या गळ्यात शेठजी हार घालत नसत. पण ठेवीदार कधीही दारात आला आणि माझ्या पैशाचं काय झालं म्हणाला, की चोपडी उघडून दाखवावी लागे. न दाखवणारी पेढी बुडायला वेळ लागत नसे.

आपल्या ठेवीदारानं चोपडी कधी मागितलीच नाही. त्याचा आपण फायदा घेतला, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या मंडळींना 1998 च्या आधीचे दिवस आठवत असतील. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर तेच ते चेहरे, दंडावर सुयांचे व्रण, हिमोग्लोबिन कधीच पुरेसं नसलेली माणसं. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 4 जानेवारी 1996 रोजी निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून रक्तविक्रेत्यांकडून रक्त घेणं बंद झालं. मुंबईत स्वेच्छा रक्तदानाची चळवळ लीला मूळगावकरांनी 1954 पासूनच सुरू केली होती; त्या पेरणीचं पीक महाराष्ट्र अजून खातो आहे. विकत घेतलेलं रक्त घातक का, याची मांडणी ब्रिटनच्या रिचर्ड टिटमस यांनी 1970 साली पुस्तकातून केली होती. मुद्दा सरळ होता. पैशासाठी रक्त देणाऱ्याला आपला आजार लपवावासा वाटतो. ज्याला काहीच मिळणार नाही, त्याला खोटं बोलायचं कारण नसतं. पाचही तपासण्या आपण करतो, तरी विंडो पिरियडमध्ये रुग्णाला वाचवतो तो दात्यानं प्रश्नावलीवर दिलेला खरा जबाब.

आता शिबिरातल्या भेटवस्तूंकडे या दृष्टीनं पाहा. बिल्ला, पेन, चहा-बिस्किटं, येण्या-जाण्याचा खर्च इथपर्यंत आंतरराष्ट्रीय व्याख्येलाही मान्य आहे. आपण कुठवर आलो? हेल्मेट, ट्रॉली बॅग, मिक्सर. कोविडच्या काळात मुंबईतल्या एका शिबिरात रक्त देणाऱ्याला किलोभर चिकन, शाकाहारी असल्यास पनीर जाहीर झालं होतं. लोक हसले, पण आपण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. हेल्मेट हवं असलेला तरुण कावीळ होऊन गेल्याचं सांगेल का? आणि आयोजकांना दोष देऊन आपण सुटत नाही. शिबिर आपल्यालाच मिळावं म्हणून आयोजकांच्या कार्यालयात चकरा मारणारे पीआरओ आपलेच आहेत, मिक्सरचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं हेही आपणच ठरवतो. त्या बिलाला आपण कृतज्ञता म्हणतो. दुसरा कोणी करत असता तर आपणच त्याला खरेदी म्हटलं असतं.

यातून पुढचं दुखणं येतं. वाढदिवस, पुण्यतिथी, जयंती, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट. एका दिवसात पाचशे-सहाशे पिशव्या, आणि मग परीक्षा संपल्या, कॉलेजं बंद झाली, लोक गावी गेले की एप्रिल-मे कोरडा. सीपीडीए-1 मधलं रक्त 35 दिवस, सॅगममधल्या लाल पेशी 42 दिवस, प्लेटलेट्स 20 ते 24 अंशांवर हलत्या ठेवून फक्त 5 दिवस. जानेवारीच्या शेवटी भरलेली शीतपेटी मेच्या उपयोगाची नाही, हे आपल्यातल्या नव्या मुलालाही कळतं. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्याचं कॅलेंडर नेत्यांच्या जयंत्यांवर चालत नाही. तरीही आयोजकानं "यंदा हजार पिशव्यांचा संकल्प आहे" म्हटलं की आपण "दीडशे पुरे, उरलेल्यांची नावं लिहून ठेवा, मेमध्ये बोलावू" असं सांगत नाही. मी स्वतः कधी सांगितलं नाही. शिबिर दुसऱ्या पेढीकडे जाईल ही भीती होती, आणि ती खरीही होती.

भीती खरी असली तरी त्या रिक्षाचालकाची पिशवी तिच्यातच गेली.

1921 साली लंडनमध्ये पर्सी लेन ऑलिव्हर या रेडक्रॉसच्या कार्यकर्त्याला किंग्ज कॉलेज रुग्णालयातून रक्तासाठी फोन आला, आणि त्यातून जगातली पहिली स्वेच्छा रक्तदाता सेवा उभी राहिली. तिची मालमत्ता काय, तर घरातला टेलिफोन आणि दात्यांच्या कार्डांचं खोकं. साठवण नव्हतीच. गरज पडली की कार्ड काढायचं, माणूस पाठवायचा. शंभर वर्षांनंतर आपल्याकडे ई-रक्तकोष आहे, बारकोड आहे, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि दात्यांना साठवून ठेवण्याऐवजी आपण रक्त साठवून ठेवतो. दाता टिकतो, पिशवी टिकत नाही. बॉम्बे ब्लड ग्रुपच्या बाबतीत ही गोष्ट आपण बरोबर ओळखली आहे. 1952 साली भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी केईएममध्ये हा गट शोधला. आज त्याचे दाते नावानिशी, फोन नंबरसह वहीत असतात आणि हाक मारली की रात्रीच्या गाडीनं येतात. ओ पॉझिटिव्हवाल्यानं काय घोडं मारलंय?

मुदतीत रक्त गेलं म्हणजे झालं असंही नाही. आपल्याकडे दान सत्पात्री असावं म्हणतात. रक्तदाता पात्र पाहत नाही. पाहण्याचं काम त्यानं आपल्यावर सोपवलेलं असतं. मागणीपत्रावर 'हिमोग्लोबिन 8.5, पीसीव्ही 2' लिहिलेलं असतं आणि रुग्ण वॉर्डात बसून जेवत असतो. रक्तस्राव नसलेल्या, स्थिर रुग्णाला हिमोग्लोबिन 7 च्या आसपास येईपर्यंत थांबता येतं, हे कॅनडातल्या अतिदक्षता विभागांतल्या अभ्यासानं 1999 सालीच दाखवलं. एक पिशवी द्या, पुन्हा तपासा, मग दुसरीचं बघा. बाळंतीण असेल तर कितीदा तरी लोहाच्या इंजेक्शनवर भागतं. पण सर्जनला किंवा गायनॅकच्या मॅडमना फोन कोण करणार? बीटीओनं केला तर "तुम्ही ईश्यू करा, क्लिनिकल आम्ही बघतो" हे ऐकावं लागतं. ऐकून घ्यावं आणि तरी फोन करावा. दात्याच्या वतीनं बोलणारं त्या साखळीत दुसरं कोणी नसतं.

जाता जाता, 'एक पिशवी, तीन जीव' या आपल्या लाडक्या घोषणेबद्दल. घटक वेगळे केले, तिन्ही वेळेत वापरले, तरच ती खरी. मोठ्या माणसाला प्लेटलेट्सचा एक डोस द्यायला पाच-सहा पिशव्यांमधल्या प्लेटलेट्स लागतात, हे धरलं तर तिसऱ्या जिवाचा हिशेब अपूर्णांकात जातो. कंपोनंट लायसन्स नसलेल्या पेढीनं तरी ही घोषणा बॅनरवर छापू नये.

ज्यांचे आभार आपण मानतच नाही, अशी माणसंही या व्यवहारात आहेत. कॉपर सल्फेटमध्ये थेंब तरंगला की "तुमचं चालणार नाही, पुढचा घ्या" असं ऐकून उठणारी बाई. बचत गटाच्या दहा जणींबरोबर ती हौसेनं आलेली असते. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आहे, आणि कित्येकींचं हिमोग्लोबिन आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच शिबिरात मोजलं जातं. आकडा कागदावर लिहून देणं, कुठल्या दवाखान्यात जायचं ते सांगणं, चार महिन्यांनी या म्हणणं, याला दोन मिनिटं लागतात. तिला चहासुद्धा विचारला जात नाही, कारण कूपन फक्त दिलेल्यांना.

दुसरा, रिप्लेसमेंटवाला. बायको टेबलावर आहे, हा कॉरिडॉरमध्ये उभा आहे, आणि आपला माणूस काचेतून सांगतो, "दोन डोनर आणा, मग बघू." अशी सक्ती धोरणात बसत नाही, चालते मात्र सर्रास. तो रक्त देतो तेव्हा त्याला काऊचवर धड पाच मिनिटं पडूही देत नाहीत. त्याचं कार्ड कोणी करत नाही. पुन्हा याल का, हे कोणी विचारत नाही. त्याचं रक्तही रक्तच असतं, त्यानंही सुई टोचून घेतलेली असते.

तिसरा सगळ्यात अवघड: तपासणीत रिॲक्टिव्ह आलेला. त्याला फोन करून बोलवायचं, बंद खोलीत सांगायचं, पुढच्या केंद्राची चिठ्ठी द्यायची, हे सगळं नियमात आहे. प्रत्यक्षात पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये जाते आणि फोन राहून जातो. काही महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या शिबिरात रांगेत उभा असतो. चांगल्या समजुतीनं पुन्हा रक्त द्यायला आलेला असतो तो.

स्टॉकहोममध्ये रक्त रुग्णाला दिलं गेलं की दात्याच्या फोनवर संदेश जातो: तुमचं रक्त वापरलं गेलं, आभार. रुग्णाचं नाव नाही, आजार नाही. दोन ओळी फक्त. आपल्याकडे ईश्यू रजिस्टर संगणकावर आहे, दात्याचा मोबाइल नंबर त्याच संगणकात आहे. मधली तार जोडायला मोठा खर्च नाही. मी हे एका बैठकीत मांडलं तेव्हा एका ज्येष्ठ मित्रानं विचारलं, "आणि डिस्कार्ड झाली असेल तर काय पाठवायचं?" खोलीत सगळे हसले. मला वाटतं, त्या प्रश्नासाठीच ही सोय करायला हवी. "तुमची पिशवी वापरली गेली नाही, मुदत संपली" असे चाळीस संदेश एका दिवशी स्वतःच्या हातानं पाठवायची पाळी आली, तर पुढच्या महिन्यात हजार पिशव्यांच्या शिबिराला होकार देताना जीभ अडखळेल.

संदेशाची सोय होईल तेव्हा होईल. तोवर या मासिकात पुढच्या अंकापासून एक पान राखून ठेवत आहोत. आपल्या रक्तपेढीत मागच्या तीन महिन्यांत किती पिशव्या आल्या, त्यांतल्या किती केवळ मुदत संपल्यामुळे टाकाव्या लागल्या, हे दोन आकडे आम्हाला कळवा. लाल पेशी आणि प्लेटलेट्स वेगवेगळ्या दाखवा. रिॲक्टिव्ह आणि गळक्या पिशव्या त्यात मिसळू नका. पेढीचं नाव छापायचं की नाही, ते तुम्ही सांगाल तसं. आकडे महिन्याच्या 20 तारखेपर्यंत संपादकीय पत्त्यावर यावेत. मी काम करत होतो त्या पेढीतल्या एका मित्रानं त्यांचे आकडे पाठवलेही आहेत, नाव न छापण्याच्या अटीवर. पहिलं पान त्यांचं असेल.