पंख्याचा वेग आणि विजेची काटकसर

विजेचा पंखा ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. गांवांतील वाडा असो कीं शेतावरील वस्ती, वैशाखांत पंख्यावांचून डोळ्यास डोळा लागत नाहीं. अलीकडे हवेचें उष्णतामान ओळखून आपला वेग आपणच कमीअधिक करणारे पंखे बाजारांत आले आहेत. त्यांनीं वीज किती वांचते, याचा हिशेब विक्रेत्यावर न सोडतां घेणाऱ्यानें स्वतः करावा, असें आमचें मत आहे.

वेग कमी केला म्हणजे वीज वांचलीच, हा समज पुष्कळदां फसवा ठरतो. जुन्या घरांतून भिंतीवर रेग्युलेटरची जी मोठी पेटी असते, ती तारेच्या अवरोधानें वेग रोखते, आणि मोटरींत वांचलेल्या विजेचा मोठा भाग त्या पेटींतच उष्णता होऊन जातो. पाटास पाणी पूर्ण सोडून त्यांतलें कांहीं ओढ्यांत दवडावें, तसाच हा प्रकार होय. कपॅसिटरच्या रेग्युलेटरांत हा दोष फारसा नसतो.

पात्यांस लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत बदलते. वेग निम्मा केल्यास वारा निम्मा होतो, पण शक्ति अष्टमांशच पुरते. तेव्हां पहाटे गारवा पडल्यावर वेग उतरविण्यांत लाभ आहे खरा. परंतु तो पदरांत पडण्यास मोटर तशी हवी. नेहमीची इंडक्शन मोटर मंद चालविल्यास बरीच वीज तिच्या अंगांतच उष्णतारूपानें जिरते. कायम लोहचुंबकाची, ब्रश नसलेली बी. एल. डी. सी. मोटर मंद वेगांतहि काटकसरी राहते.

आतां हिशेब पाहूं. जुना छतपंखा पूर्ण वेगानें सुमारें ७५ वॅट घेतो, नव्या मोटरीचा सुमारें ३०. रोज दहा तासांप्रमाणें २४० दिवसांत पहिल्यास १८० युनिटें लागतात, दुसऱ्यास ७२. म्हणजे १०८ युनिटें केवळ मोटर बदलल्यानें वांचलीं. वेग आपोआप बदलण्याची सोय जें कांहीं वांचवील, तें उरलेल्या ७२ मधूनच. आपल्या बिलांतील दरानें १०८ यांस गुणावें. नव्या पंख्याची जादा किंमत किती वर्षांत फिटते तें कळेल. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रात्र काढणारांस तर हा फरक त्याच रात्रीं जाणवेल.

म्हणून आधीं मोटर पाहावी, मग स्वयंचलित वेगाची सोय. ऊर्जा दक्षता ब्यूरोची तारांकित पट्टी छतपंख्यांवर १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आहे. ती वाचल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पंखा खोली गार करीत नाहीं. अंगावरील घाम वाळवून माणसास गारवा देतो. केवळ उष्णतामान ओळखणाऱ्या पंख्यास खोलींत माणूस आहे कीं नाहीं हें कळत नाहीं. रिकाम्या खोलींत तो फिरत ठेवणें म्हणजे रिकाम्या गोठ्यांत वैरण टाकणें होय. बाहेर पडतांना बटण बंद करणारा हात, हेंच सर्वांत स्वस्त यंत्र आहे.